खो मिळाला नाही

बार्शीहून कुर्डूवाडीला जाणारी आमची छोटी रेल्वे इतकी सावकाश चालते, की एकदा मधल्या स्टेशनावर ड्रायव्हरनं हजामत उरकून घेतलेली मी स्वतः पाहिली आहे. अर्धीच उरकली म्हणा. उरलेली पुढच्या स्टेशनावर झाली, आणि न्हावीही तोच होता; तो चालत आला होता. अशा गाडीतून दिल्लीला, आणि तेही वेगाच्या परीक्षेला निघायचं, हे ज्याला हसू येत नाही त्यानं पुढं वाचू नये.

परीक्षा माझी नव्हती. मी बार्शीत टायपिंगचे वर्ग चालवतो, आणि माझ्या देहात वेग काय तो दहा बोटांना आहे. परीक्षा होती माझ्या भाचीची. नाव उज्ज्वला, घरात उज्जी, वय तेरा, खेळ खो-खो. उज्जी पाठलागाला उठली की समोरच्या संघातल्या मुली आपणहून बाद होऊन पाणी प्यायला जातात, असं मी गावात सांगत असे. खरं म्हणाल तर दोघीच गेल्या होत्या, पण गेल्या होत्या.

तिच्या शाळेतल्या पीटीच्या बाईंनी पेपरातलं एक कात्रण आणून दिलं. देशभरातली चपळ मुलं-मुली हेरायची, दिल्लीजवळ नव्या क्रीडा वसतिगृहात ठेवायची, तिथंच शाळा, तिथंच खेळ, अशी काही योजना निघाली होती. माझे दाजी, म्हणजे उज्जीचे वडील, हायस्कुलात गणित शिकवतात. स्वभावही गणिताचाच, हातचा कधी विसरत नाहीत.

"एकदाच," दाजी म्हणाले. "निवड झाली तर माझी ना नाही. नाही झाली तर आठवीपासून खेळ बंद, संध्याकाळी शिकवणी. पुन्हा हा विषय घरात काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," उज्जी म्हणाली, आणि उठून पिशवी भरायला गेली. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. पण पिशवीत तिनं एकच फ्रॉक तीन वेळा घातला आणि तीन वेळा काढला, ते मी पाहिलं.

कुर्डूवाडीला दिल्लीची गाडी मिळाली. खिडकी एक आणि आम्ही दोघं. मामा या नात्यानं खिडकी मी धरली. दौंड यायच्या आत पाठीत सणसणीत थाप बसली आणि कानात आरोळी आली, "खो!" मी दचकून उभा राहिलो. उज्जी माझ्या जागेवर.

"हा काय प्रकार?"

"नियमच आहे मामा. खो देणारा उठलेल्याच्या जागी बसतो. ज्याला मिळाला त्यानं निघायचं."

"कुठं निघायचं? गाडी चालू आहे!"

"ते तुम्ही ठरवा. पण एकदा दिशा धरली की मागं वळायचं नाही. वळलात तर फाऊल."

मी डब्याच्या टोकापर्यंत गेलो, तिकडून पुढच्या डब्यात, तिथून खानपानाच्या डब्यात. असं दिवसातून सात-आठ वेळा झालं. बार्शी ते दिल्ली मी पायी गेलो असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात, पण हिशेब लावून पाहा.

दिल्लीत आम्ही उतरलो ते शमुवेल साळवेकडे. शमुवेल माझा शाळेतला बाकसोबती, आता एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. सरोजिनी नगरात सरकारी क्वार्टर, दोन खोल्या, आणि खिडकीत बसवलेला कूलर (पत्र्याच्या पेटीत पंखा, भोवती गवताच्या ओल्या जाळ्या). मे महिना होता. दिल्लीची लू (दुपारचा भाजणारा वारा) अशी, की दोरीवर घातलेला टॉवेल वाळतो आणि पाठोपाठ पापड होतो. मार्थावहिनींनी दारातच उसाच्या रसाच्या गाडीवरच्याएवढा मोठा पेला भरून कैरीचं पन्हं दिलं. आम्ही शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्यांचं गाठोडं सोडलं, आणि शमुवेल त्या भाकरीकडे असा बघत राहिला, की मला वाटलं आता प्रार्थना म्हणतो. म्हणालाही. ते लोक जेवणाआधी म्हणतातच.

त्यांची मुलगी प्रीती, अकरा वर्षांची. जन्म दिल्लीचा. मराठी घरची, पण मधले मधले शब्द गळालेले. जुन्या हार्मोनियमच्या काही पट्ट्या वाजत नाहीत ना, तशी.

"मामा, दीदी किस चीज़ के लिए आली आहे?"

"धावायची शर्यत आहे तिची."

"शर्त? किससे लगी है?"

"शर्त नव्हे गं, शर्यत!"

"अच्छा, शर्यत," असं म्हणून प्रीतीनं समजूतदारपणे मान हलवली आणि आईला जाऊन सांगितलं की मामांनी कुणाशी तरी पैज लावली आहे.

संध्याकाळी बाजारात गेलो. उज्जी आजवर अनवाणीच खेळलेली. खो-खोत बूट कोण घालतं? पण राजधानीत अनवाणी म्हणजे बार्शीची अब्रू गेली, असं माझं मत पडलं. तो बाजार म्हणजे काय सांगू! परदेशी जायला निघालेले आणि कुठल्याशा खोटीमुळं परत फिरलेले कपडे-बूट तिथं ढिगानं पडतात. त्या वर्षी तर सगळा देशच परदेशी वस्तूंच्या मागं लागला होता. खांबाखांबावर कोलाच्या पाट्या, गच्चीगच्चीवर टीव्हीच्या थाळ्या. विक्रेत्यानं एक पांढराशुभ्र बूट पुढं केला. "एक्सपोर्ट का माल है, बाऊजी! अमरीका जा रहा था!" उज्जीनं पायात घातला, बरोबर बसला. दुसरा त्यानं कागदात गुंडाळूनच दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच रिक्षा केली. शमुवेलला ऑफिस, म्हणून दुभाषी म्हणून प्रीती बरोबर. तिला सुट्टी होती आणि माझी हिंदी म्हणजे मराठीच्या शेपटीला 'है' बांधलेली. यमुना ओलांडून नोएडा लागलं. तिथं त्या काळी गाव आधी नकाशावर वसत होतं आणि मग जमिनीवर. आखलेले रुंद रस्ते, रस्त्यांना दिवे, आणि दिव्यांखाली म्हशी. घरांना दारं होती, पण भिंती यायच्या होत्या. सेक्टरांचे आकडे असे पेरलेले, की पंधरा संपला की चव्वेचाळीस सुरू होतो. दाजी इथं असते तर त्यांना भोवळ आली असती. रिक्षावाला एका चौकात चौथ्यांदा आला तेव्हा तिथल्या म्हशीनं आम्हाला ओळखलं.

शेवटी मैदान सापडलं. चारशे मीटरचा धावमार्ग तयार, पण तिथवर जायचा रस्ता तयार नव्हता. दीड-दोनशे मुलंमुली, त्यांचे बाप, काका, दुधाचे डबे. हरियाणाच्या मुली अशा उंच, की त्यांच्या सावलीत मी रुमाल अंथरून बसलो.

नोंदणीच्या टेबलावर कारकून. "खेल?"

"खो-खो," मी छाती काढून सांगितलं.

"वो लिस्ट में नहीं है. खो-खो में ओलंपिक होता है क्या? कुछ और बोलिए."

उज्जीनं माझ्याकडं पाहिलं. तिचा सगळा खेळ त्या टेबलावर एका वाक्यात गेला होता. मी म्हटलं, "दौड़ लिखो है." त्यानं लिहिलं.

मग उंची मोजायची. उज्जी अंगानं चिमणी. म्हणून घरून निघताना मार्थावहिनींना सांगून मी तिच्या दोन वेण्यांचा डोक्यावर एक मनोरा बांधून घेतला होता. मोजणाऱ्यानं लाकडी पट्टी खाली आणली, मनोऱ्यावर टेकवली, माझ्याकडं शांतपणे पाहिलं, आणि दाबली. मनोरा गेला. कारकुनानं आकडा लिहून त्याभोवती लाल गोल केला. जागेवरून उडी मारायची होती, त्यात ती पुढं चांगली गेली, पण मागं बसली. मोजणी बसलेल्या जागेपासून झाली. दुसरा लाल गोल.

"मामा," ती हळूच म्हणाली, "दोन लाल झाले."

"लाल रंग शुभ असतो," मी म्हटलं. आता फक्त धाव उरली होती. धाव गेली की संध्याकाळची शिकवणी.

बूट काढले. कागद सोडला. आणि त्या नव्या कोऱ्या मैदानावर मी जे पाहिलं ते असं: दोन्ही बूट डाव्या पायाचे! अमेरिकेनं ते परत का पाठवले हे मला त्या क्षणी कळलं. उज्जीनं दोन्ही माझ्या हातात दिले आणि ती अनवाणी चालू लागली.

धाव पाहायला मुख्य प्रशिक्षक होते. सहा फूट तीन इंच, वाळलेले, ताठ, पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ. अंतिम रेषेवर जाऊन असे उभे राहिले की पक्षी बसावा.

"मामा, खांब!" उज्जी पुटपुटली. खो-खोच्या मैदानाला दोन टोकांना दोन लाकडी खांब असतात, पाठलागात वळायचं ते तिथंच; त्यांचं तिला जळी स्थळी दर्शन होत असे. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

आठ मुली ओळीत बसल्या. पिस्तूलवाला म्हणाला, "तैयार!" धाड! सात मुली सुटल्या. आठवी बसलेली.

माझी भाची. वाघिणीसारखी दबा धरून, पंजे जमिनीला, नजर समोर, आणि जागची हलेना. सात मुली पोचल्या, टॉवेल घेऊन घाम पुसू लागल्या, ही बसलेलीच. मैदान हसलं. दुधाचे डबे हसले. प्रशिक्षक लांब टांगा टाकत आले. "के होया, छोरी (मुली)? भागी क्यूँ ना?"

उज्जीच्या डोळ्यांत आता टचकन पाणी आलं. ती म्हणाली, "खो मिळाला नाही."

पाच वर्षं ती रोज संध्याकाळी ओळीत बसलेली. पाठीवर थाप आणि कानात आरोळी, दोन्ही मिळाल्याशिवाय उठायचं नाही. उठलं तर फाऊल. आवाज झाला होता, पण थाप कुठं होती? तिच्या पायांनी नियम पाळला होता.

हे मला कळलं. प्रीतीला कळलं नाही. तिनं जबाबदारीनं भाषांतर केलं, "अंकल, दीदी कह रही है, खो गया. मिल नहीं रहा."

"के खो गया?"

"दीदी, क्या खो गया?"

त्यातला एकच शब्द उज्जीला ओळखीचा. तिनं हुंदका देत मान हलवली, "हो ना, खो!"

प्रशिक्षकांनी तिच्या कानाकडं, गळ्याकडं पाहिलं. परक्या गावची पोर, काहीतरी दागिना पडलेला दिसतो. मला विचारलं, "सोने का था, भाई साहब?"

मी खोटं बोलत नाही. फार तर वाढवून सांगतो. इथं तर वाढवायचीही गरज नव्हती. म्हणालो, "सोने से भी महँगा था, साहब."

झालं! शिट्टी वाजली. चाचणी थांबली. दोनशे खेळाडू मैदानावर ओणवे झाले. देशाचं भावी क्रीडावैभव गुडघ्यांवर रांगत गवत विंचरू लागलं. एकीला केसातली पिन सापडली, एकाला शर्टाचं बटण, आणि पिस्तूलवाल्याला गेल्या महिन्यात हरवलेली स्वतःची शिट्टी. तो इतका हरखला की त्यानं उज्जीच्या डोक्यावर हात ठेवला.

अर्ध्या तासानं प्रशिक्षक म्हणाले, "ना मिला. चल छोरी, रो मत. तेरे को एक मौका और देंगे. अकेली भाग ले, घड़ी के सामने."

एकच संधी, आणि पिस्तूल तर पुन्हा तसंच वाजणार. मी जाऊन उज्जीच्या मागं उभा राहिलो.

"अंकल, आप यहाँ क्यूँ?" पिस्तूलवाल्यानं विचारलं.

"आशीर्वाद देना है."

"दौड़ के टाइम?"

"हमारे में दौड़ के टाइम ही देते हैं."

शिट्टी सापडली होती, माणूस खुशीत होता. त्यानं हात वर केला. "तैयार!" धाड! आणि त्याच क्षणाला मी उज्जीच्या पाठीत अशी थाप हाणली आणि अशी आरोळी ठोकली, "खोऽऽऽ!" की पिस्तूलवाल्याच्या हातून पिस्तूल पडलं.

उज्जी सुटली. मी नेहमी सांगतो की तिच्या मागं धूळ उठली ती गाझियाबादच्या लोकांना दिसली. तेवढं जाऊ द्या, पण सुटली. खाली वाकून, जमिनीला धरून, सशासारखी. आणि शेवटच्या रेषेजवळ तिला समोर तो दिसला, पांढऱ्या टोपीचा, ताठ, एकटा. खांब. पाच वर्षांची सवय! तिनं रेषा पार केली, प्रशिक्षकांच्या कमरेला हाताचा विळखा घातला, त्यांच्याभोवती गर्रकन फिरली, आणि आली तशीच दुप्पट वेगानं माझ्याकडं परत.

साहेब जागच्या जागी सव्वा वळसा फिरले. थांबले तेव्हा टोपी नाकावर होती आणि तोंड यमुनेकडं.

मी दोन डावे बूट छातीशी धरून उभा. झालं, म्हटलं. दाजींना काय सांगू?

प्रशिक्षकांनी टोपी सरळ केली. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पट्टा वर ओढला आणि सावकाश म्हणाले, "दोबारा मुड़वाओ इसको." (पुन्हा वळवा हिला.)

दहा मीटरवर दोन रेघा मारल्या. या रेघेवरून त्या रेघेवर, लाकडाचा ठोकळा उचलायचा, वळायचं, परत, असं सहा वेळा. उज्जीला मी खो दिला. बाकी काही मी पाहिलं नाही. नुसते वळताना पाय दिसले, मधली धाव दिसलीच नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. कानाला लावलं. दुसऱ्याचं घड्याळ मागवलं आणि पुन्हा पळवलं. मग म्हणाले, "या छोरी भागै कोन्या. मुड़ै सै." (ही मुलगी धावत नाही. वळते.) आणि मैदानापलीकडं ओरडले, "मैडम! हॉकी में कोई नीचे रहके मुड़ने वाली चाहिए थी ना?"

कारकून धावत आला. "सर, कद (उंची) कम है. दो लाल निशान हैं."

"तो? मन्नै पुलिस में भर्ती करनी है के?"

हॉकीच्या मॅडम आल्या, उज्जीचे घोटे, गुडघे दाबून पाहिले, आणि यादीत नाव घाला म्हणाल्या. यादीत आलेल्यांनी उद्यापासून इथंच राहायचं. आधी उन्हाळी शिबिर, मग जुलैत शाळा. मी उड्या मारायच्या बेतात होतो, तेवढ्यात उज्जीनं विचारलं, "इथं खो-खो आहे का?"

प्रीतीनं या वेळी बरोबर भाषांतर केलं. मॅडम म्हणाल्या, "नहीं बेटा. यहाँ सिर्फ़ हॉकी खेलोगी."

उज्जी धावमार्गाच्या कडेला जाऊन बसली. आम्ही सगळे उभे. मग तिनं मान वर केली.

"किती जणी असतात?"

"ग्यारह."

"आमच्यात नऊच." तिनं विचार केला. "वळायचं असतं ना?"

"पूरे टाइम," मॅडम म्हणाल्या.

"मग चालेल."

नोएडाच्या त्या उजाड चौकात एक एसटीडी बूथ तेवढा पूर्ण बांधून झालेला होता. तिथून बार्शीला, दाजींच्या शेजारच्या मेडिकलवाल्याकडं फोन लावला. दाजी धापा टाकत आले.

"निवड झाली!" मी ओरडलो. "हॉकीत!"

"हॉकीत? मी खो-खोला पाठवली होती."

"दाजी, हॉकी म्हणजे काठी घेतलेला खो-खो."

पलीकडून आवाज आला, "निवड झाली म्हणजे झाली. कबूल केलंय मी. सही तुम्हीच करा." आणि जरा थांबून, "जेवली का ती?"

जेवली होती. मैदानाबाहेरच्या गाडीवरचे छोले-कुलचे. आणि मुख्य प्रशिक्षक आमची शेंगाचटणी खाऊन नळाखाली डोकं धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी तिला पोचवायला गेलो. वसतिगृहाच्या ओट्यावर नव्या मुली ओळीनं बसल्या होत्या. उज्जीची पिशवी ठेवली. तेल दिलं, कंगवा दिला, पोस्टकार्डं दिली, तीच पुन्हा पिशवीतून काढून पुन्हा दिली. पहारेकऱ्यानं दोनदा घड्याळ दाखवलं. माझे पाय काही निघेनात. मी तिला कुर्डूवाडीच्या गाडीच्या न्हाव्याची गोष्ट सांगायला लागलो. तिनं ती जन्मापासून ऐकलेली.

मी फाटकाकडं तोंड करून उभा होतो. पाठीत सणसणीत थाप बसली.

"खो, मामा!"

आणि मागं ओट्यावर कुणीतरी बसल्याचा आवाज आला.

निघालो. फाटक, म्हशी, चौक, चव्वेचाळीस, पंधरा. परतीच्या गाडीत खिडकी सबंध वेळ माझीच होती. माणसं गाडीत चढत होती, उतरत होती, आणि मी आपला हललो नाही. प्रवासात खिडकी मिळावी म्हणून मी आयुष्यभर भांडलो आहे, पण खिडकीतून बघण्यासारखं इतकं थोडं असतं हे त्या वेळी कळलं. दोन डावे बूट समोरच्या रिकाम्या बाकावर ठेवले होते.

बार्शी स्टेशनावर दाजी आले होते. पिशवी घेतली, बूट पाहिले, चालू लागले. घराच्या वळणावर मात्र थांबले.

"निघताना रडली का?"

सांगण्यासारखं माझ्याकडं खूप होतं. एरवी मी तिथंच यमुनेला पूर आणला असता.

"माहीत नाही, दाजी," मी म्हणालो. "मागं वळलो असतो तर फाऊल होता."